रशियाचे पंतप्रधान आणि सावरटोल्याची सरपंच

सावरटोला (रामपायलीजवळ), जि. बालाघाट
९ नोव्हेंबर २०२५

चि. मंजूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुले वाटंन, घरी मोबाईल असून आई कागदावर काहून लिहून राह्यली. त्याचं असं हाये का मोबाईल सरपंचाच्या नावावर हाये अन् सरपंचाच्या नवऱ्याच्या खिशात राह्यते. तुहा फोन आला का तुहे बाबा स्पीकर चालू करतेत, मंग ओसरीत बसलेले सगळेच तुही तब्येत इचारतेत. परवा तू हुंदका देल्ला तो अर्ध्या गावानं ऐकला. पुनाराम काका त मले म्हणे का पोरीले परत बोलावून घ्या, तिकडे बर्फ लय हाये. म्हणून आता खऱ्या गोष्टी कागदावर. अंगणवाडीची ज्योत्स्ना फोटो काढून तुले धाडते अन् तुही चिठ्ठी आली का मले मोठी करून दाखवते. ती म्हणते मी वाचत नाही. वाचते. पण तोंड बंद ठेवते, तेवढं पुरे.

धान कापून झालं. यंदा कणसं चांगली भरली. मोठ्या तलावात शिंगाडा मस्त आला हाये, ज्योत्स्ना अन् मी रोज उकडून खाऊन राह्यलो.

त्या तलावाचीच भानगड हाये. मासे-शिंगाड्यासाठी गाव देते तो पट्टा यंदा संपते. तुह्या बाबानं वारासिवनीच्या एका ठेकेदाराले एका लग्नाच्या पंगतीत, चार लोकांसमोर शब्द देऊन टाकला का पुढचे दहा वर्षं तलाव तुमाले. ठेकेदारानं त्याच पंगतीत सांगतलं का मी गावाच्या वेशीवर कमान बांधून देतो अन् कमानीवर दुलीचंदजी शेंडे नाव लिहितो. तवापासून तुहे बाबा वेशीपाशी उभे राहून वर पाहत राह्यतेत.

परवा गोदाबाई अन् ढिमर टोलीच्या मासे धरणाऱ्या बाया घरी आल्या. आजवर तलाव त्यायच्याच गटाकडे होता. सरपंचाले भेटाचं हाये म्हणे. मी म्हटलं, ते बाहेर गेलेत, बसा. चहा झाला, शिंगाड्याच्या गोष्टी झाल्या, कोणाच्या सुनेचं काय चालू हाये तेही झालं. दिवस कलाले आला तशा त्या उठल्या, म्हणे सरपंच आले का सांगजा. त्या गेल्यावर भांडे घासता घासता माह्या ध्यानात आलं का सरपंच त मी हाये. तीन वर्षं झाले. त्यायच्याही ध्यानात नव्हतं अन् माह्याही.

तू काहून रडली ते लिही. पायमोजे घालून झोपत जाय.

लोभ वाढव म्हणणार नाही, हाये तेवढाच सांभाळ.

तुही आई,
पुष्पलता


कझान
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,

सा. न. वि. वि.

माझ्या मराठीवर हसू नको. शाळा हिंदीतली, कॉलेज रशियनमधलं आणि मराठी फक्त तुझ्या धाकाची. लिहिताना हात आपोआप दुसरीकडे पळतो.

रडले ते पेपरमुळे. इथे डॉक्टरकीच्या पोरांनाही रशियाचा इतिहास पास व्हावा लागतो, तोही तोंडी. आमच्या बाई, वेरा पेत्रोव्ना, सत्तरीच्या आहेत आणि डोळ्यांत डोळे घालून विचारतात. हाडं मी पाठ केली, नसा पाठ केल्या, पण १९९१ नंतरचे पंतप्रधान काही केल्या डोक्यात बसत नाहीत. इथे वर राष्ट्रपती असतो आणि त्याच्या हाताखाली सरकार चालवायला पंतप्रधान. पहिले राष्ट्रपती येल्त्सिन हे पंतप्रधान असे बदलायचे जसे बाबा पानठेला बदलतात. शेवटी शेवटी दीड वर्षात पाच झाले. लोकांना नाव पाठ होईपर्यंत माणूस घरी.

मग मी एक जुगाड केला. प्रत्येकाला आपल्या गावातलं कोणीतरी चिकटवून दिलं. चेर्नोमिर्दिन म्हणजे पुनाराम काका, भारी देह, पाचेक वर्षं खुर्चीतून हलले नाहीत. किरियेंको म्हणजे आपला पंचायत सचिव मोहित. वय पस्तीस, डोळ्यांवर चष्मा, कालपरवा आला आणि पैशाचा बाजार कोसळला तर सगळ्यांनी त्यालाच धरलं. प्रिमाकोव म्हणजे तुळसा आत्या. ते विमानाने अमेरिकेला निघाले होते, वाटेत समजलं की त्यांच्या दोस्त देशावर बॉम्ब पडणार आहेत, तर समुद्रावरूनच विमान मागे फिरवलं. आत्याने नाही का, वरातीत आपला मान ठेवला नाही म्हणून वैनगंगेच्या पुलावरून जीप परत आणली होती.

आणि आता ऐक. पुतिन दोनदा राष्ट्रपती झाले, लागोपाठ तिसऱ्यांदा होता येत नव्हतं. तर २००८ मध्ये त्यांनी आपला माणूस मेद्वेदेव याला राष्ट्रपती केलं आणि स्वतः खाली उतरून पंतप्रधान झाले. खुर्ची खाली आली, पण जगभरातले लोक कामासाठी कोणाकडे जायचे सांग बरं? चार वर्षांनी दोघांनी परत अदलाबदल केली. मेद्वेदेव कुरकुर न करता पंतप्रधान झाले.

हे वाचताना मी होस्टेलमध्ये एकटीच जोरात हसले. बाबा सरपंच होते, सीट महिला झाली, बाबांनी तुला उभं केलं. आई, तू मेद्वेदेव आहेस! फरक एवढाच की त्या बिचाऱ्याला रोज दोघांचा स्वयंपाक करावा लागत नव्हता.

एक विचारू? पंचायतीचा शिक्का कोणाकडे असतो?

पायमोजे दोन घालते. नमस्कार, आणि रागवायचं असेल तर कागदावरच रागव.

तुझी,
मंजू


सावरटोला
३० नोव्हेंबर २०२५

चि. मंजूस,

अनेक आशीर्वाद.

तुही चिठ्ठी ज्योत्स्नानं मले दोनदा वाचून दाखवली, म्हणजे वाचत नाही त्याच्यापेक्षा दोनदा जास्त. मेद्वेदेववर ती एवढी हासली का अंगणवाडीचे लेकरं उठून बसले.

शिक्का तुह्या बाबाच्या बंडीच्या खिशात राह्यते. मले इचारलं असतं त मीही तेच सांगतलं असतं, पण कोणी इचारलंच नव्हतं. तुह्या चिठ्ठीनंतर मले रात्रभर झोप नाही आली असं काही झालं नाही, मी मस्त झोपली. सकाळी कपडे धुवाले घेतले. बंडी मीच धुते. खिशातून शिक्का काढला अन् चोळीत ठेवला. त्याले चोरी म्हणत नाहीत, वस्तू माहीच हाये.

दुपारी पंचायतीत गेली. मोहितले म्हटलं का तलावाचा ठराव वाचून दाखव. तो म्हणे, भाऊजी आले का वाचू. मी म्हटलं, भाऊजीले कोणी निवडून आणलं? त्या पोराचा चष्मा नाकावर घसरला. मंग त्यानं वाचला. दहा वर्षं तलावात कोणाले पाय टाकता येणार नाही, शिंगाडा नाही, जाळं नाही. सही करण्याच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, कारण मी तीन वर्षं फुली पाहून सही केली हाये. मी तो कागद मोहितले परत देल्ला, म्हटलं ग्रामसभेत ठेव, लोकायले इचारू.

ग्रामसभेत मी पहिल्यांदा बोलली, तो ठराव सगळ्यायले वाचून दाखवला. आवाज असा फाटला का मलेच वाटलं कोणी दुसरंच बोलून राह्यलं. गोदाबाई उठली अन् म्हणे का आमच्या सासूच्या सासूनं ह्या तलावात शिंगाडा लावला, आता आमी कमान खावाची का? सगळे हासले. लोकायनं हात वर केले अन् तलाव बायाच्या गटाकडे ठेवाचं ठरलं. आता पंचायतीचा पक्का ठराव तेवढा बाकी हाये.

दुसऱ्या दिवशी पुनाराम काका अन् बाकीचे पंच ओसरीत जमाले लागले. माह्याच ओसरीत, माह्याच विरोधात अविश्वास प्रस्ताव आणाची मीटिंग! अन् तुहे बाबा आतमंदी तोंड घालून म्हणे, चहा ठेव. मी ठेवला. काहून नाही ठेवणार? किती कप लागून राह्यले त्याच्यावरून मले समजते का किती मतं तिकडे गेले. दर चार पंचातले तीन माह्या विरोधात गेले पाहिजेत, तवा मी पडीन. आजच्या कपाच्या हिशेबानं त्यायले एक मत कमी पडून राह्यलं. तुही आत्याही पंच हाये, ती अजून चहाले आली नाही. पण ती तुह्या बाबाची सख्खी बहीण. आज ना उद्या येईनच.

मले भेव वाटते, मंजू. सरपंचकी गेली त जाऊ दे, मी मरत नाही. पण गोदाबाईले मी सगळ्यासमोर शब्द देल्ला. मीही शब्द देऊन बसली.

एक सांग, त्या तुह्या पंतप्रधानाच्या यादीत बाई एकही नाही का?

आशीर्वाद हायेतच. तू पास हो अन् माह्यावरचा जीव पातळ नको होऊ देऊ.

तुही आई


मु. पो. सावरटोला
८ डिसेंबर २०२५

विषय: तुझ्या आईच्या वर्तणुकीबाबत.

चि. मंजुषा हिस,

दुलीचंद शेंडे, माजी सरपंच, यांचा अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या आईने गेल्या पंधरवड्यापासून शासकीय कामात स्वतः लक्ष घालण्यास सुरुवात केली आहे. मी समजूतदारपणे दुर्लक्ष केले. परंतु तिने शिक्का ताब्यात घेतला, तो परत मागितला असता म्हणाली की कपड्यात सापडला, आणि कोणत्या कपड्यात ते सांगितले नाही. भर ग्रामसभेत माझा शब्द खाली पाडला. ठेकेदार आता मला नमस्कार सुद्धा अर्धाच करतो.

नाइलाजाने पंचांनी अविश्वास प्रस्तावाची सूचना एसडीएम साहेबांकडे दिलेली आहे. हा प्रस्ताव पत्नीविरुद्ध नसून सरपंचाविरुद्ध आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली की चूल सरपंचाचीच आहे, तिच्याकडे जेवण मागू नका. त्या दिवशी मी पुनारामकडे जेवलो. त्याच्या घरी वरणात हिंगाचा पत्ताच नसतो.

तुळसाबाईकडे मी स्वतः गेलो. सख्ख्या भावाने मत मागावे, ही काय वेळ आली! ती म्हणाली विचार करते. तिने आयुष्यात कधी विचार केलेला मला आठवत नाही.

तू शिकलेली आहेस. आईला समजाव की गपचाप ठेकेदाराच्या ठरावावर सही करावी, मी प्रस्ताव मागे घ्यायला लावीन. ज्योत्स्नाच्या मोबाईलवरून तिला रशियाचे काहीतरी येते, असे माझ्या कानावर आहे. परदेशी राजकारण सावरटोल्यात आणू नये.

तिकडे थंडी वजा किती आहे? बातमीत दाखवले ते पाहून मी टीव्ही बंद केला. मावशीच्या गावचा, तिकडेच शिकणारा मुलगा जानेवारीत परत येणार आहे, त्याच्या हाती तुझ्यासाठी लाडू अन् लोकरीची टोपी धाडून राह्यलो. टोपी घालजो, पोरी. कान झाकजो.

ममता ठेवावी व वडिलांची बाजू पाहावी.

तुझा बाबा,
दुलीचंद शेंडे


कझान
१३ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

विषयासहित पत्र मिळालं. कान झाकलेले आहेत. वजा अठरा आहे, पण तुम्ही टीव्ही बघू नका.

परदेशी राजकारण मी आणलं नाही, ते आपल्या ओसरीत आधीच बसून चहा पीत होतं. पण तुम्ही विचारलंच आहे, तर दोन गोष्टी सांगते. माझी रिव्हिजनही होईल.

२००७ मध्ये इथे झुबकोव नावाचे पंतप्रधान झाले. पूर्वी सरकारी शेतीचे संचालक होते, म्हणजे आपल्यातलेच. त्यांचा जावई सरकारात संरक्षण मंत्री होता. सासरा वरचा साहेब झाला म्हणून जावयाने राजीनामा लिहून दिला, की एकाच घरातले दोघं सरकारात बरे दिसत नाहीत. राष्ट्रपतींनी तो घेतला नाही, जावई खुर्चीवरच राहिला, पण निदान लाज वाटल्याचा कागद तरी झाला! बाबा, आपल्याकडे जावई काय, सासऱ्याचा भाचाही कधी असा कागद लिहील का?

दुसरी गोष्ट. किरियेंकोला काढल्यावर येल्त्सिनना जुने चेर्नोमिर्दिन परत पाहिजे होते. अनुभवी माणूस, सगळ्यांना ओळखणारा. संसदेने दोनदा नाही म्हटलं. त्यांनी काही वाईट केलं होतं म्हणून नव्हे. लोकांना वाटलं, तेच ते किती वेळ? ते गेले आणि तिसराच माणूस आला. देश बुडाला नाही.

बाबा, गंमत पुरे. मला इथे पाठवायचं ठरलं तेव्हा काका, आत्या, सगळे म्हणत होते पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की माझी मंजू कोणाच्या फुलीवर सही करणारी पोरगी होणार नाही. तेव्हा आई मागे चहाचे कप गोळा करत होती. ते वाक्य तिनेही ऐकलं होतं, बाबा. तुमचं होतं म्हणून तिला खरं वाटलं असेल.

मी आईला काही समजावणार नाही. तुम्हालाही नाही. फक्त पुनाराम काकांकडे जेवू नका, हिंगाचं राहू द्या, ते वरणात मीठही दोनदा टाकतात.

रागावलात तरी लेक म्हणूनच रागवा.

आपली,
मंजू


सावरटोला
२८ डिसेंबर २०२५

चि. मंजूस,

अनेक आशीर्वाद.

प्रस्ताव पडला. आधी हे लिहिते, मंग बाकीचं, नाही त तू मधल्या ओळी खाऊन शेवटी जाशीन.

त्या दिवशी सकाळी तुह्या आत्याले मी अंगणातून येताना पाहिलं. सरळ ओसरीत गेली, पुनाराम काकाच्या बाजूले बसली. तुह्या बाबानं आतमंदी पाहून एक कप वाढव म्हटलं. मी वाढवला. नेऊन देल्ला तवा अर्धा चहा बशीत. आत्यानं तो बशीतूनच पिला अन् माह्याकडे पाहिलंही नाही. मी आत येऊन शिक्का चोळीतून काढला, धुवून पुसून पेटीवर ठेवला. म्हटलं, द्यावाच लागन त स्वच्छ द्यावा.

जनपद पंचायतीतून अधिकारी आले. मतदान चिठ्ठीनं, कोणाचं कोणाले दिसत नाही. तुहे बाबा पंच नाहीत म्हणून त्यायले आत येता नाही आलं. चिंचेखाली उभे होते, हाताची घडी घालून. तिकडे गोदाबाई अन् तिच्या साऱ्या बाया बसल्या होत्या. त्यायनं शिंगाडे आणले होते अन् तुह्या बाबालेही देल्ले. ते घेत नव्हते. मंग घेतले.

मोजणी झाली. एक मत कमी पडलं. अधिकाऱ्यानं दुसऱ्यांदा मोजलं, तरी कमीच. पुनाराम काका एकेकाचं तोंड पाहून राह्यले. आत्यानं पदर सावरला अन् म्हणे का आता घरी जाऊ द्या, माही म्हैस बांधून हाये.

वाटेत मी तिले गाठलं. काही इचारलं नाही. तीच म्हणे, चहाले आली ती चहाले आली, भाऊ हाये माहा. मंग थोडं चालून म्हणे का मी बारा वर्षं पंच हाये अन् बारा वर्षांत मले कोणत्याच कागदात काय लिहिलं हाये हे कोणी सांगतलं नाही. तू त्या दिवशी ग्रामसभेत सगळ्यायले वाचून दाखवलं. मले समजलं. बस एवढंच म्हणून ती म्हशीकडे गेली.

तुहे बाबा लय उशिरा घरी आले. चेहरा असा का मले कीव आली, पण मी दाखवली नाही. जेवले. पाणी पिले. मंग म्हणे, लोक हासून राह्यले, म्हणतेत दुलीचंद बायकोच्या हातून हारला. मी म्हटलं, तुम्ही उभेच नव्हते त हारले कसे? मंग मंजू, ते हासले. हासता हासता डोळे पुसले, मी दिव्याकडे पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत तलावाचा ठराव पास झाला. पट्टा गोदाबाईच्या गटाले. मी खाली सही केली, अन् त्याच्या आधी सगळा वाचला. डोळे दुखले.

तुह्या पेपरची तारीख कळव. देवाले नारळ बोलली हाये, पण तू वाचूनही जाय.

जीव लावत राह्य.

तुही आई


कझान
१२ जानेवारी २०२६

ती. आईस,

सा. न. वि. वि.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर राहून गेलं. यादीत बाई एकही नाही. मी दोनदा तपासलं, मग वेरा पेत्रोव्नांना विचारलं. त्या म्हणाल्या की तू अभ्यास कर. पण म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

काल पेपर झाला. मी सगळे पंतप्रधान रट्टा मारून गेले होते, किरियेंको ते आताचे मिशुस्तिन झोपेत सांगितले असते. प्रश्नाची चिठ्ठी उचलली तर निघाली सैबेरियाची रेल्वे! शंभर वर्षं आधीची. मला एवढंच माहीत की ती लांब आहे. मी म्हटलं, फार लांब आहे. बाई म्हणाल्या, किती? मी म्हटलं, खूपच.

मग त्यांना दया आली असेल. म्हणाल्या, एक शेवटचा प्रश्न, २००८ मध्ये राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांनी जागा कशा बदलल्या, तुझ्या शब्दांत सांग. माझ्या शब्दांत म्हणजे माझी रशियन, ती आत्याच्या हिंदीसारखी आहे. मी कलम वगैरे सांगितलं, शब्द संपले, तेव्हा म्हटलं की माझ्या गावात माझे वडील सरपंच होते, मग आई सरपंच झाली, पण शिक्का वडिलांच्या खिशात होता. वेरा पेत्रोव्नांनी चष्मा काढला. बाकीच्या पोरांना थांबा म्हटलं आणि मला विचारलं की मग? मी सगळं सांगितलं. बंडी, चहा, चिंच. शिक्क्याला रशियनमध्ये काय म्हणतात ते त्यांनीच सांगितलं, चोळीला मी हाताने दाखवलं.

त्यांनी एकच विचारलं, की आईने शिक्का परत दिला का. मी म्हटलं, नाही. त्यांनी पाचातले चार दिले आणि म्हणाल्या की एक गुण रेल्वेसाठी कापला.

लाडू पोचले, निम्मे रूममेटने खाल्ले. टोपी एवढी मोठी आहे की डोळेही झाकतात. बाबांना सांग, मी घालते. त्यांना हेही सांग की त्यांच्याशिवाय मी पास झाले नसते. कसं ते सांगू नको.

आठवण येते, ती दोघांची येते, सारखी वाटून घ्या.

तुझी,
मंजू


सावरटोला
२६ जानेवारी २०२६

चि. मंजूस,

अनेक आशीर्वाद अन् पाचातल्या चाराबद्दल शाबासकी. कशानं पास झाली ते मी बाबाले सांगतलं नाही. ज्योत्स्नानं सांगतलं. तिसऱ्या दिवशी ते पानठेल्यावर स्वतःच सांगत होते का माही केस रशियात शिकवतेत.

मागच्या हप्त्यात बालाघाटले बाई सरपंचायची बैठक होती. तुह्या बाबानं गाडी काढली, मी मागं बसली. दारावरच्या शिपायानं त्यायले अडवलं, म्हणे पती लोकायनं बाहेर बसावं. आत जाताना मी वळून पाहिलं त त्यायच्यासारखे पाचपंचवीस जण भिंतीले टेकून, बायकायच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर आली तवा तुह्या बाबानं त्यायची संघटना काढली होती. अध्यक्ष तेच.

येताना रस्त्यात एका टपरीवर थांबलो. चहा त्यायनं आणला, माह्या हाती देल्ला अन् म्हणे, पुढच्या वर्षी निवडणूक हाये, आपली शीट बहुतेक खुली होईन म्हणतेत. मी म्हटलं, हौ, मीही ऐकलं. म्हणे, मंग मी उभा राह्यतो. मी म्हटलं, राहा, चांगलं हाये, तुमाले अनुभव हाये. ते खुश झाले, बिस्किटाचा पुडा घेतला. मंग गाडीवर बसताना मी म्हटलं, मीही उभी राहून राह्यली.

गाडी पुलापर्यंत कशी चालवली त्यायचं त्यायले ठाऊक. पूल उतरल्यावर म्हणे, एका घरात दोन उमेदवार, लोक काय म्हणतीन? मी म्हटलं, लोक मत देतीन. गाव दिसाले लागलं तवा त्यायनं इचारलं का घराच्या भिंतीवर पोस्टर कोणाचं लागंन. मी म्हटलं, पुढची भिंत तुमची, मागची माही. ते म्हणे, मंजूर. माणूस भोळा हाये, मंजू. हातपंप मागं हाये, साऱ्या बाया पाण्याले मागूनच येतेत.

कळावे. जीव हाये तोवर लोभ हाये, तू तिकडून खर्च करत राह्य.

तुही आई,
पुष्पलता शेंडे
सरपंच, सावरटोला